स्मोक्ड माशाचं मूस आणि टेरीन: पाहुण्यांसाठी पहिल्यांदा करताना

स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्रीला हॉगमनी म्हणतात. डंडीत राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी त्या रात्री अकरा जणांना जेवायला बोलावलं आणि मोठ्या हौसेने स्मोक्ड माशाचं टेरीन केलं. साडेआठला टिन ताटात उलटा केला. क्षणभर ते वीटेसारखं उभं राहिलं आणि मग खालून पसरायला लागलं, सैल पिठल्यासारखं. नवऱ्याने काही न बोलता डाव आणला आणि ‘हे डिप आहे’ असं सांगून वाढून टाकलं. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. त्यानंतर हा पदार्थ मी तीसेक वेळा तरी केला असेन. पहिल्या पाच-सहा वेळा जे जे चुकलं, ते तुमचं चुकू नये म्हणून हे लिहिते आहे.

नावांना घाबरू नका. फ्रेंचमध्ये मूस म्हणजे फेस. फेटलेल्या क्रीमची हवा धरलेला, श्रीखंडापेक्षा हलका असा माशाचा गोळा. टेरीन हे मुळात मातीच्या भांड्याचं नाव. आपण ‘हंडी’ म्हणतो आणि पदार्थ समजतो, तसंच ते भांड्यावरून पदार्थाला चिकटलं. लांबट टिनमध्ये थर देऊन घट्ट बसवायचं आणि सुरीने काप काढून वाढायचं, ते टेरीन.

पाहुणे येणार असले की मी हेच का करते? कारण यात गॅस पेटतो तो वाटीभर पाणी कोमट करण्यापुरता. मासा धुरावर आधीच कुणीतरी शिजवून ठेवलेला असतो. आपलं काम काटे काढायचं, घोटायचं आणि फ्रिजवर भरवसा ठेवायचं. सगळं आदल्या दिवशी होतं. पाहुणे आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात घामाघूम नसता.

१. आधी पाहुण्यांची चौकशी करा

आपली मंडळी असतील तर पहिल्यांदा कालनिर्णय बघा. डिसेंबरातला गुरुवार म्हणजे बहुधा मार्गशीर्षातला गुरुवार. मी एकदा टेरीन कापून ताटं मांडली आणि चौघी मैत्रिणींनी एकदम हात जोडले. चूक माझीच. संकष्टीचंही तेच.

दुसरं, जिलेटिन. ब्रिटनमध्ये दुकानात मिळणारी जिलेटिनची पानं बहुतेक वेळा डुकरापासून केलेली असतात, पावडर बऱ्याचदा गाईपासूनची. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मासे खाणारा माणूस हे दोन्ही खाईलच असं नाही, आणि ‘यात काय आहे’ असं विचारायला पाहुणा संकोचतो. तुम्हीच आधी सांगा. जिलेटिनशिवायची पद्धत पाचव्या पायरीत दिली आहे.

तिसरी गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका. स्मोक्ड सामन हा थंड धुराचा, म्हणजे न शिजलेला मासा असतो आणि त्यात लिस्टेरिया नावाचे जंतू असू शकतात. ते फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतात. गरोदर बायकांनी असा मासा वाफा येईपर्यंत गरम केल्याशिवाय खाऊ नये, असा इथल्या एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, स्पष्ट सल्ला आहे. वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या पाहुण्यांनाही मी तो वाढत नाही. त्यांच्यासाठी ताजा सामन पूर्ण शिजवून, गार करून त्याच संध्याकाळी वेगळ्या वाटीत मूस करते.

२. गरम धूर की थंड धूर

बाजारात ‘स्मोक्ड’ असं एकाच शब्दात लिहिलेलं असतं, पण त्याखाली दोन निरनिराळे पदार्थ आहेत. नवखी माणसं पहिली चूक इथेच करतात.

गरम धुरातला मासा मिठात मुरवून ७०-८० अंशांच्या आसपासच्या उष्ण धुरात ठेवतात. तो पूर्ण शिजतो, बोटाने दाबला की पाकळ्या सुटतात. मॅकरेल, ट्राउट, ‘हॉट स्मोक्ड’ लिहिलेला सामन हे सगळे यातले. मूससाठी हेच घ्या.

थंड धुरातला मासा ३० अंशांच्या खालीच राहतो. धुराची चव लागते, पण मांस कच्चंच असतं, झिरझिरीत आणि लवचिक. पातळ कापलेला स्मोक्ड सामन असाच. टिनला आतून अस्तर लावायला तो उत्तम. पण हॅडॉक नावाच्या माशाच्या बाबतीत जपा. ॲबर्डीनजवळच्या फिंडन गावाच्या नावाने ओळखला जाणारा फिनन हॅडी आणि सुपरमार्केटमधला हळदीसारखा पिवळाधमक हॅडॉक, दोन्ही थंड धुरातले आहेत आणि ते शिजवावेच लागतात. मी एकदा तो पिवळा हॅडॉक तसाच मिक्सरला लावला होता. चिकट लगदा झाला, सगळा टाकून द्यावा लागला. दुधात आठ-दहा मिनिटं मंद उकळला की तोही मूसला छान लागतो.

डंडीत राहण्याचं एक सुख म्हणजे आर्ब्रोथ अगदी जवळ आहे. तिथला ‘स्मोकी’ म्हणजे हॅडॉकच. डोकं काढून, मीठ लावून, दोन-दोन मासे शेपटीशी बांधून काठीवर टांगायचे, खाली लाकडाचा जाळ करायचा आणि वरून ओली गोणपाटं टाकून धूर कोंडायचा. हा गरम धूर, त्यामुळे थेट खाता येतो. आपल्या हापूससारखं त्यालाही भौगोलिक मानांकन आहे, २००४ सालचं. आर्ब्रोथपासून ८ किलोमीटरच्या आत केलेल्यालाच ते नाव लावता येतं. पहिल्यांदा मी तो कागदात गुंडाळलेला गरम स्मोकी बंदरावर उभ्या-उभ्या खाल्ला, तेव्हा मला चुलीवर भाजलेला सुका बांगडा आठवला. कोकणात मासळी टिकवायला ऊन आहे. इथे ऊन कुठलं, म्हणून धूर.

पहिल्या वेळेला मात्र मॅकरेलच घ्या. स्वस्त, कुठेही मिळणारा. आपल्या बांगड्याचा हा चुलतभाऊ, पाठीवर काळे नागमोडी पट्टे असलेला. त्याच्या अंगच्या तेलामुळे मूस मऊ राहतं. मिरी लावलेला नको, साधा घ्या. किपर, म्हणजे थंड धुरातला हेरिंग, चवीला राजा आहे, पण त्याचे केसासारखे काटे काढताना अर्धा दिवस जातो.

३. सामान

हे माप ४५० ग्रॅमच्या, म्हणजे इथल्या एक पौंडी लोफ टिनसाठी आहे. आठ ते दहा काप पडतात.

– गरम धुरातला मॅकरेल, ३०० ग्रॅम (साल-काटे काढून २५० ग्रॅम उरतो)
– पातळ कापलेला स्मोक्ड सामन, २०० ग्रॅम, अस्तरासाठी
– क्रीम चीज, १५० ग्रॅम, फुल फॅट. रात्रभर टांगलेल्या दह्याचा घट्ट चक्काही चालतो, फक्त आंबट नको
– डबल क्रीम, १५० मिली
– जिलेटिनची ३ पानं
– एका लिंबाचा रस. इथलं मोठं पिवळं लिंबू. आपली छोटी असतील तर दोन
– हॉर्सरॅडिश सॉस, १ मोठा चमचा
– ताजी कुटलेली मिरी, मूठभर शेपू
– टिन, क्लिंग फिल्म, मिक्सर, रबरी उलथनं, चिमटा, धारदार लांब सुरी

क्रीमबद्दल दोन शब्द. डबल क्रीममध्ये ४८ टक्के स्निग्धांश असतो, ते मिनिटभरात फेटलं जातं. व्हिपिंग क्रीमही चालेल. सिंगल क्रीम १८ टक्क्यांचं, ते रात्रभर फेटलंत तरी उभं राहणार नाही. भारतात छोट्या खोक्यात मिळणारं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीमही मूसच्या कामाचं नाही.

हॉर्सरॅडिश म्हणजे एक तिखट मूळ. त्याचा झणका जिभेला नाही, नाकाला लागतो. आपण मोहरी फेसतो तेव्हा जो झणका डोळ्यांतून पाणी काढतो ना, तोच, कारण दोघांतलं तिखट द्रव्यही तेच आहे. सॉस नसेल तर पाऊण चमचा मोहरी पाण्यात नीट फेसून घाला. मी तर आता तेच करते.

आणि हो, शेपू म्हटल्यावर नाक मुरडू नका. माझ्या माहेरी शेपूच्या भाजीवरून रीतसर दोन तट होते आणि मी विरोधी पक्षात होते. धुराच्या माशाबरोबर मात्र तो वेगळाच लागतो. नाजूक टोकं तेवढी घ्या, जाड देठ नकोत.

४. काटे

मॅकरेलची तुकडी सालीच्या बाजूने ताटात ठेवा. साल शेपटीकडून उचलून ओढा, सलग निघते. मग तुकडीच्या मधोमध डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवा. काट्यांची रांग टोचेल. एकेक काटा उपटत बसू नका. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी सुरीने चिरा आणि मधली चिंचोळी पट्टीच काढून टाका. थोडा मासा वाया जातो, जाऊ दे. सालीखालचा गडद तपकिरी भाग कडवट वाटला तर तोही खरवडा. शेवटी सगळा मासा पांढऱ्या ताटलीत पसरून बोटांनी चाचपून घ्या. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटाला सापडतो. मिक्सरमध्ये काटे बारीक होतील या भ्रमात राहू नका. ते तुटून आणखी छोटे आणि आणखी धोक्याचे होतात, आणि मऊ पदार्थ खाणारा माणूस काट्याची अपेक्षाच करत नाही.

५. घोटणं, जिलेटिन आणि फेटणं

सगळी गंमत आणि सगळे अपघात इथे आहेत, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

क्रीम चीज आणि मासा तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. माझं ते पहिलं टेरीन दोन कारणांनी पसरलं. मी जिलेटिन खळखळ उकळलं, त्याने त्याची पकड गेली. आणि उरलंसुरलं फ्रिजमधल्या गार मिश्रणात एकदम ओतलं. गार लागताक्षणी ते जागच्या जागी गोठलं आणि त्याचे रबरासारखे धागे झाले. खाताना लोकांना तो चीजचा तुकडा वाटला असावा.

तर आता नीट क्रमाने. मासा, क्रीम चीज, हॉर्सरॅडिश, निम्मा लिंबाचा रस आणि मिरी मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. अगदी गंधासारखं गुळगुळीत नको, माशाचा कण जिभेला कळला पाहिजे. मोठ्या पातेल्यात काढा. आता चाखा. मीठ अजून घालायचं नाही! मासा मिठात मुरलेला असतो, अस्तराचा सामनही खारट असतो. मी आजवर यात मीठ घातलेलं नाही. लिंबू आणि मिरी मात्र थोडी चढी ठेवा. गार झाल्यावर चव दबते.

जिलेटिनची पानं गार पाण्यात पाच मिनिटं बुडवा. ओल्या प्लास्टिकसारखी लिबलिबीत झाली की पिळून घ्या. छोट्या वाटीत तीन मोठे चमचे गरम पाणी घ्या, बोट जेमतेम सहन करेल इतपत गरम, आणि त्यात पानं विरघळवा. तळाशी काही दिसता कामा नये. मग त्या वाटीत पातेल्यातलं दोन चमचे मिश्रण घालून ढवळा, म्हणजे दोघांचं तापमान जुळतं, आणि तेवढं झाल्यावर वाटी पातेल्यात ओता. ओतताना दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पानांची ताकद कंपनीगणिक बदलते. अमुक पानं किती द्रवाला पुरतात ते पाकिटावर असतं, ते प्रमाण. तीन पानांचं माझं माप अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक द्रवाला चार पानं पुरणाऱ्या पाकिटाचं आहे. क्रीम चीज मुळात घट्ट असल्याने एक पान कमी लागतं.

आता क्रीम फेटा. उलथनं उचलल्यावर टोक उभं राहून हलकेच वाकलं की थांबा. त्यापुढे पाव मिनिट फेटलंत तर दाणेदार होतं आणि लोणी सुटायला लागतं. पातेल्यातलं मिश्रण कोमटही राहिलेलं नसावं. क्रीम तीन वेळा विभागून, उलथन्याने तळातून वर उचलत मिसळा. गोल-गोल ढवळलंत तर हवा जाईल. शेवटी चिरलेला शेपू.

जिलेटिन नको असेल तर ते आणि क्रीम दोन्ही वगळा आणि १०० ग्रॅम मऊ, बिनमिठाचं लोणी माशाबरोबरच घोटा. फ्रिजमध्ये लोणी घट्ट होऊन काप धरतं. पोत मूसपेक्षा जड होतो, पण चव माझ्या मते सरसच. चायना ग्रासच्या नादी मी लागत नाही. जिलेटिन जिभेवर वितळतं. चायना ग्रास वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं, त्यामुळे तोंडात त्याचे ठिसूळ तुकडेच होतात.

नुसतं मूस हवं असेल तर इथेच थांबा. दोनच पानं जिलेटिन घाला, वाट्यांत भरा, तीन तास फ्रिज.

६. टिन लावणं

टिन आतून पाण्याने ओला करा, म्हणजे क्लिंग फिल्म चिकटून बसते. फिल्म दुहेरी घ्या आणि चारी बाजूंनी हातभर नाही तरी वीतभर बाहेर लोंबू द्या. कोपऱ्यात बोटाने दाबून बसवा. तिथली सुरकुती उद्या तुमच्या टेरीनवर उमटणार आहे.

सामनचे काप आडवे, एकमेकांवर थोडे चढवून लावा. टोकं टिनच्या काठावरून बाहेर राहू द्या, अळूवडीला पान लावताना लावतो तसंच. स्वस्तात मिळतात म्हणून सामनचे तुकडे-ट्रिमिंग्ज आणू नका, त्यांचं अस्तर होत नाही. मूसमध्ये घालायला ते झकास. निम्मं मूस भरा, टिन ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे आतली पोकळी जाईल, उरलेलं भरा, सामनची टोकं वर दुमडा, फिल्मने झाका. थोडं मूस उरेलच. ते एका वाटीत भरून टिनशेजारी ठेवा. ही चाचणीची वाटी. सकाळी तिच्यात चमचा घातला की आत काय झालंय ते टिन न उघडता कळतं.

वर पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर डाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट ठेवा. जास्त वजन नको, हवा निघून जाते. फ्रिज ५ अंशांच्या आत हवा. किमान बारा तास. ‘चार तासांत होतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फ्रीजरमध्ये घाई करायलाही जाऊ नका, नंतर पाणी सुटतं.

७. उलटवणं आणि कापणं

वरची फिल्म उघडा, ताट पालथं घाला, टिनसकट उलटा करा आणि लोंबणारी फिल्म खाली धरून टिन वर उचला. फिल्म असल्यामुळे गरम पाण्याचा शेक द्यावा लागत नाही. सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, एक काप काढा. पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा. बोटभर जाडीचे काप ठेवा. पातळ कापण्याचा मोह झाला की सामनचं अस्तर सुटून येतं.

दुसऱ्याकडे न्यायचं असेल तर टिनमध्येच, थंड पिशवीतून न्या आणि तिथे जाऊन उलटा. मांडल्यावर तासाभरात संपवायचं, दोन तासांपलीकडे ठेवायचं नाही. फ्रिजमध्ये टिन न कापता दोन दिवस राहतो, पण माशाच्या पाकिटावरची तारीख त्याआधी संपत असेल तर तीच खरी.

८. सोबत काय

इथे ओटकेक, म्हणजे ओट्सची कडक बिस्किटं, नाहीतर पातळ कुरकुरीत टोस्ट देतात. आई आली होती तेव्हा तिने सकाळची तांदळाची भाकरी तव्यावर कडक करून तिच्या तुकड्यावर हे लावून खाल्लं आणि मी टोस्ट बाजूला ठेवला. काहीतरी आंबट हवंच. काकडीच्या चकत्या, व्हिनेगर, चिमूटभर साखर-मीठ, अर्धा तास मुरवून. तिला पाणी सुटतं, ते निथळून मगच ताटात ठेवा, नाहीतर टेरीनखाली डबकं होतं. सजावटीला अननस, पपई किंवा किवीच्या कच्च्या फोडी कधीही नकोत. त्यांच्यातली पाचक द्रव्यं जिलेटिन तोडतात आणि काप ताटातच विरघळायला लागतो.

९. पुण्या-मुंबईत करायचं तर

माझी बहीण कोथरूडमध्ये ताज्या बांगड्याला स्वतःच धूर देते. बांगड्याच्या दोन बाजू काढून मीठ लावून अर्धा तास ठेवायच्या, धुऊन-पुसून पंख्याखाली तासभर सुकवायच्या. जुन्या लोखंडी कढईत ॲल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर दोन-दोन चमचे तांदूळ, साखर आणि चहाची पत्ती. धूर निघायला लागला की वर जाळी, जाळीवर मासा, घट्ट झाकण, मध्यम आचेवर पंधरा मिनिटं. मासा आतपर्यंत शिजला का ते बघा, नसेल तर आणखी पाच. खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. हा घरचा मासा पाकिटातल्यासारखा टिकत नाही. गार झाला की त्याच दिवशी मूस करा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

उरलंसुरलं मूस गरम उकडलेल्या बटाट्यावर घाला. वितळून त्याचा सॉस होतो. आणि मिक्सरचं भांडं आधी गार पाण्याने धुवा, मग बेसन लावून घासा. गरम पाणी आधी घातलंत तर माशाचा वास रबरी रिंगमध्ये बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या खोबऱ्याच्या चटणीतून बाहेर येतो. मी शेवटी एक भांडं माशासाठी वेगळंच काढलं आणि त्याच्या झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.